चुलीच्या कहाणीचा शेवट

वर्ध्याच्या मालतीबाईंनी पाठवलेल्या फाईलीत मला माझ्या मुलीचा आवाज ऐकू आला, तेव्हा पूजा नुकतीच आटोपली होती आणि निरांजन अजून तेवत होतं.

फाईल मालतीबाईंच्या आईची होती. शुक्रवारची कहाणी. आई जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि कधीतरी मोबाइलवर टिपलेलं ते सांगणं जागोजागी तुटलेलं आहे, असं त्यांनी आधीच कळवलं होतं. पण आज ते सलग वाहत होतं. बाई सांगत होत्या, सांगता सांगता श्वास घ्यायला थांबल्या, आणि त्या थांबण्यात कुणीतरी म्हणालं, "हूं?"

नाक चोंदलेला, शेवटाला किंचित वर चढणारा हुंकार. आमच्या ऊर्मीला बारा महिने सर्दी असायची.

हातातल्या अक्षता तशाच राहिल्या. मी फाईल मागे नेली, पुन्हा ऐकली. पुढे आणखी एक हुंकार होता. त्याच्यापुढे आणखी एक.

ऊर्मी सहा वर्षांची असताना तापानं गेली, त्याला पाव शतक होऊन गेलं. वर्ध्याला ती कधीच गेली नव्हती.

ज्यांच्या घरी ही रीत नाही त्यांना सांगते. कहाणी एकट्यानं सांगायची नसते. ऐकणारीनं हातात चार अक्षता घेऊन समोर बसायचं आणि सांगणारी थांबली की "हूं" म्हणायचं. म्हणजे, ऐकतेय, पुढे सांगा. हुंकार थांबला तर सांगणारीनंही तिथेच थांबायचं. आमच्या माई, म्हणजे माझ्या सासूबाई, याबाबतीत फार कडक होत्या. "ऐकणारं नसलं की सांगणं म्हणजे नुसती बडबड," म्हणायच्या.

अशा घरोघरच्या कहाण्या जपून ठेवायला आम्ही कहाणी मंडळ काढलं. कुणाची आजी, कुणाची आत्या, कुणाची मोलकरीणसुद्धा. रेकॉर्डिंग असेल तसं पाठवायचं, दुसऱ्यांचं ऐकायचं, त्यावर गप्पा मारायच्या. मी त्या मंडळाची मॉडरेटर. आलेली फाईल ऐकायची, ती जिची म्हणून आली तिचीच आहे ना ते पाहायचं, आणि मगच आत घ्यायची. काम पहिल्यापासून मी व्रतासारखं धरलं. त्या दिवशीच्या फाईलीचा निर्णय झाल्याशिवाय अन्न घ्यायचं नाही. आमचे हे मला द्वारपाल म्हणतात. "आज जय की विजय?" असं सकाळी विचारतात आणि चहा प्यायला बसतात.

त्या दिवशी दशमी होती. निर्णय झाला नाही.

हे मंडळ कुठल्या कंपनीच्या मोठ्या संगणकावर राहत नाही, ते आमच्याच घरांत राहतं. प्रत्येकीकडे कुंकवाच्या करंड्यापेक्षा थोडी मोठी अशी एक डबी असते, वायफायच्या शेजारी ठेवलेली. कहाणी पाठवली की तिचे शेकडो तुकडे होतात आणि ते घरोघरच्या डब्यांत जाऊन बसतात. कुणी ऐकायला घेतली की हिच्याकडून एक, तिच्याकडून एक असे तुकडे गोळा होतात आणि कहाणी उभी राहते. प्रत्येक तुकड्याला त्याचा ठसा असतो, आपल्या अंगठ्याला असतो तसा. तुकड्यातला एक श्वास जरी बदलला तरी ठसा बदलतो. त्यामुळे पूर्वी त्यात खोटं खपत नसे.

अडचण एवढीच की डब्या बिघडतात, बायका जातात, मागची माणसं डबी अडगळीत टाकतात. मग एखादा तुकडा कुणाकडेच उरत नाही आणि कहाणीला भोक पडतं. त्या भोकांसाठी ऋजुतानं सांधणी आणली. ऋजुता आमच्यातली सगळ्यांत हुशार मुलगी, पुण्याला असते. सांधणी हा तिचा प्रोग्रॅम मंडळातले सगळे आवाज ऐकून शिकला. तुकडा हरवला की आजूबाजूचं ऐकून तो तिथे काय असायला हवं ते स्वतः घडवतो, त्याच बाईच्या आवाजात, तिच्या भांड्यांच्या आवाजासकट.

घडवलेल्या तुकड्याचा ठसा मूळ ठशाशी अर्थातच जुळत नाही. म्हणून होळीनंतर नियम बदलला. ठशाऐवजी बहुमत. ज्या तुकड्याच्या प्रती जास्त घरांत असतील तो खरा धरायचा, बाकीचे डब्यांनी आपोआप पुसायचे. आणि लोक जे शेवटपर्यंत ऐकतात त्याच्याच प्रती वाढतात.

या सगळ्यात मॉडरेटर हवाच कशाला, असा प्रश्न मग आलाच. मंडळात त्यावर मतदान सुरू होतं.

"वृषालीकाकूंच्या उपासात आमच्या फाईली उपाशी मरतात," एकीनं लिहिलं होतं.

"माझ्या आजीची फाईल आठ दिवस अडकली. का, तर म्हणे खोकला खरा वाटत नाही!"

"काकू खोकल्याचीसुद्धा पत्रिका बघतात."

मलाही हसू आलं होतं. रागावण्यासारखं त्यात काही नव्हतंच. द्वादशीला मतदान संपणार होतं.

मालतीबाईंची फाईल बाजूला ठेवून मी माईंची कहाणी उघडली. आमच्या घरची ही एकच फाईल मंडळात आहे, आणि आत घेतल्यापासून मी ती कधी लावली नव्हती. माई सांगतात, ऊर्मी हुंकार देते. चुलीची कहाणी. एक बाई पहिली भाकरी चुलीला दाखवायला विसरते, चूल रुसून रानात निघून जाते, आणि बाई तिला शोधत फिरते. माईंच्या माहेरची ही कहाणी आणखी कुणालाच ठाऊक नाही. बाई नदीकाठी येते, नावाड्याला विचारते, आणि तिथे ऊर्मीला झोप लागते. हुंकार थांबला म्हणून माईही थांबल्या. उद्या पुरी करू म्हणाल्या होत्या. ते राहिलं, मग ऊर्मी गेली, आणि माईंनी पुन्हा कधी कुठलीच कहाणी सांगितली नाही.

फाईल नदीकाठी आली. मी डोळे मिटले.

"नावाड्या नावाड्या, माझी चूल पाहिलीस का?" माई म्हणाल्या.

"हूं?" ऊर्मी म्हणाली.

आणि कहाणी पुढे निघाली. नावाड्यानं बाईला पैलतीरी नेलं. रानात चूल भेटली, बाईनं तिचे पाय धरले, चूल घरी आली. माईंचाच आवाज, हेल काढायची त्यांचीच लकब. ऊर्मी एकदाही पेंगली नाही. शेवटी म्हणाली, "आजी, अजून एक."

खाली मंडळातल्या बायकांनी किती प्रेमानं लिहिलं होतं! चूल परत आली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. वृषालीताईंची लेक किती गोड. रोज रात्री हीच लावून झोपतो.

मी ऋजुताला फोन केला.

"काकू, मी तुम्हाला सांगणारच होते," ती म्हणाली. "सांधणीला शांतता म्हणजे हरवलेला तुकडा वाटतो. तुमच्या फाईलीत नावाड्यानंतर शांतता आणि नुसती खडखड होती. तिला वाटलं, इथून पुढचं खराब झालंय. तिनं पूर्ण केलं."

"आणि वर्ध्याला?"

"मंडळात सगळ्यांत जास्त ऐकलेला, सगळ्यांत स्वच्छ हुंकार ऊर्मीचा आहे. जिथे हुंकाराची जागा रिकामी दिसते तिथे सांधणी तोच घेते. वर्ध्यालाच नाही काकू, खूप घरांत आहे तो. नव्यानं रेकॉर्ड करायला बसलं तरी थांबलं की येतो. लोकांना आवडतोय. एकटीच बसून सांगणाऱ्या बायका आहेत, त्यांना कुणीतरी ऐकतंय असं वाटतं."

"ती ऐकत नाहीये, ऋजुता."

"ते माहीत आहे हो. पण यात नुकसान कुणाचं झालं? तुम्ही दार राखता ते चोर येऊ नये म्हणून. इथे चोर कोण आहे?"

मी फोन ठेवला. मी देवापुढे जाऊन बसले. निरांजन विझलं होतं.

दुपारी आमच्या कऱ्हाडच्या शनिवार पेठेतल्या देवळातून घरी आले तर आतून यांचा आवाज येत होता. आमचे हे, विद्याधरराव, तसे मोजकं बोलणारे. साखर कारखान्यात पाक शिजवण्याच्या खात्यात उभा जन्म गेला. मी दारातच थांबले.

"मग काय करायचं, तर त्या उकळत्या पाकात अगदी बारीक दाणे सोडायचे साखरेचे. बी पेरतात ना, तसे."

"हूं?"

"मग पाकातली साखर त्या दाण्यांवर येऊन बसते. दाणा वाढत जातो. बघता बघता सगळा पाक दाणेदार. पण पहिला दाणा नसेल तर काही नाही, नुसता चिकट रस."

"हूं?"

मी आत गेले. हे खुर्चीत ताठ बसले होते, समोर स्टुलावर डबी. लहान मुलाला पकडावं तसा चेहरा झाला त्यांचा.

"कधीपासून?" मी विचारलं.

"झाले काही महिने." मग जरा हसून म्हणाले, "वृषाली, झोपत नाही गं ती. कितीही वेळ सांग. मी हंगामात तिला जागी कधी पाहिलीच नव्हती. दुसरी पाळी करून यायचो तोवर निजलेली, सकाळी मी निजलेला. आता झोपतच नाही."

त्यांच्या तोंडावर असा आनंद मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

"अहो, ती ऊर्मी नाही. ऊर्मीचे थोडेसे हुंकार घेऊन यंत्रानं पाक केलाय."

"मला शिकवू नकोस. मला सगळं कळतं." त्यांनी डबीवर हात ठेवला. "तू रोज दगडाला आंघोळ घालतेस, मी कधी म्हणालो का, की तो ऐकत नाही?"

हे मात्र मला लागलं. मी स्वयंपाकघरात गेले. ताट वाढलेलं होतं. त्यांनीच वाढून ठेवलं होतं. मी झाकण घातलं.

"जेवली नाहीस?" ते दारात येऊन म्हणाले.

"निर्णय झाला नाही."

"मग पास करून टाक ती वर्ध्याची फाईल. कुणाचं काय जातंय? उद्या एकादशी, आजच कशाला एकादशी करतेस?"

"ती पास केली की ऊर्मी मालतीबाईंच्या आईजवळ बसली होती असं होईल. उद्या आणखी कुणाजवळ. मग आपल्याजवळ होती हे कशावरून?"

ते परत जायला वळले.

"आणि तुम्ही," मी म्हटलं, "त्या मूळ फाईलीत तुम्ही होतात."

"मी कुठला? मी कारखान्यात होतो."

"होतात. फाईल आत घेण्यापूर्वी मी एकदाच शेवटपर्यंत ऐकली होती. तुम्हाला ऐकवायला आणली तर तुम्ही उठून गेलात. यंत्राला जी खडखड वाटली, ती तुम्ही होतात."

"उगाच काहीतरी सांगू नकोस."

"मग ऐका."

पण ऐकवणार काय? माझ्या डबीतली प्रत बहुमतानं केव्हाच बदलून गेली होती. ज्या फोनवर टिपलं तो फोन कधीच गेला. मी पुन्हा ऋजुताला विचारलं.

"एक सोय आहे," ती सावकाश म्हणाली. "फाईलीवर 'पूर्ण' अशी खूण करता येते. म्हणजे जिथे संपते तिथेच संपते, शांतता खरी आहे. खूण केली की सांधणी त्या फाईलीला हात लावत नाही आणि तिच्यातून काही उचलतही नाही. सगळीकडचे उचललेले हुंकार गळून पडतील. पण ती खूण फक्त मॉडरेटरला करता येते. आणि मूळ प्रत हवी, एकही तुकडा न बदललेली. तशी कुणाकडे उरली असेल असं मला वाटत नाही."

फोन ठेवला आणि मला दमयंतीबाई आठवल्या.

दमयंतीबाई मिरजेच्या. मंडळातल्या सगळ्यांत जुन्या आणि सगळ्यांत हट्टी. त्या नेट फक्त एकादशीला लावतात. इतर दिवशी डबी तारेवाचून नुसतं जुनं वाजवते, एकादशीला पहाटे आंघोळ करून नेट जोडायचं, आलेलं घ्यायचं, द्वादशीला पुन्हा तार काढायची. आम्ही सगळ्या त्यांची चेष्टा करायचो. फाल्गुनात त्यांचा पाय मोडला आणि त्या लेकीकडे जाऊन राहिल्या. होळीनंतरची एकही एकादशी त्यांच्या डबीनं पाहिली नव्हती.

"अगंबाई, वृषाली! कालच आले घरी," फोनवर त्या म्हणाल्या. "उद्या पहाटे लावते नेट. किती दिवसांचं साचलं असेल."

"लावू नका."

"काय?"

"उद्या नेट लावू नका दमयंतीबाई. लावलंत की क्षणात तुमची प्रत पुसली जाईल. बाकीच्या सगळ्या एकीकडे आणि तुमची एकटी एकीकडे."

"म्हणजे मी खरं बोलत्ये तरी मतांनी पडणार," त्या म्हणाल्या. "घरात काय वेगळं होतं? ये तू. तार माझ्या उशाखाली ठेवते."

एकादशीला सकाळी मी निघाले. यांना म्हटलं, तुम्ही नाही आलात तरी मी जाणार. ते आले. ऐकायला नव्हेच, मी आदल्या दिवसापासून दुधावर होते आणि एसटीत मला घेरी येईल याची त्यांना काळजी. वाटेत ते एकदाच बोलले. इस्लामपूर मागे पडलं तेव्हा खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "खूण केलीस तर आपल्या घरातलीही जाईल?"

"जाईल."

"मग मला नाही ऐकायचं काही."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी सोडवून घेतला नाही, पण माझ्याकडे पाहिलंही नाही.

दमयंतीबाई काठी टेकत दारात आल्या. "या. पाय धुवा. आणि डबीकडे असं बघू नका विद्याधरराव, ती काही चावत नाही." त्यांनी भगर आणि दाण्याची आमटी केली होती. मी नको म्हटलं तर म्हणाल्या, "उपासाचं अन्नात धरत नाहीत."

"मी धरते."

"तू माझ्याहून वाईट आहेस," म्हणून त्यांनी डबी टेबलावर ठेवली.

आवाज तसा साधाच होता. माईंचा आवाज थोडा लांबून, कारण फोन मी खिडकीत ठेवला होता. शेजारच्या टीव्हीवरच्या मालिकेचं गाणं. झाकणाचा आवाज, ती बहुधा मी. ऊर्मीचे हुंकार पहिल्यांदा टवटवीत, मग अंतर पडत गेलेले, मग नुसते श्वासासारखे. यंत्राच्या फाईलीत हे नव्हतं. तिथे पहिला आणि शेवटचा हुंकार सारखाच ताजा होता.

"नावाड्या नावाड्या, माझी चूल पाहिलीस का?"

काही नाही. माई थांबल्या. मग हळू आवाजात, "पाहिलीस का?"

शांतता.

"निजली गं बाई," माई कुजबुजल्या. "उद्या पुरी करू हां."

फोन बंद करायचं कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. गाणं संपून जाहिराती लागल्या. बाहेर स्कूटर येऊन थांबली. स्टँडवर चढवल्याचा खडखडाट झाला. चपला. डबा खाली ठेवल्याचा आवाज.

"झोपली?" एक तरुण माणूस दबक्या आवाजात म्हणाला.

"आत्ताच. तुझी वाट बघत होती."

"उठवू नकोस. मी नेतो आत."

कपड्यांची सळसळ. एक छोटासा कण्हल्यासारखा आवाज, झोपेतला. आणि तो माणूस अगदी जवळून, जणू फोनपाशीच, म्हणाला, "किती जड झालीस गं तू!"

पावलं आत गेली. मागे फक्त टीव्ही उरला. मग तोही तुटला.

दमयंतीबाई काठीच्या मुठीकडे बघत होत्या. ह्यांनी आपला डावा खांदा उजव्या हातानं धरला होता.

"या खांद्यावर घ्यायचो," ते म्हणाले. "तोंड मानेपाशी यायचं. सर्दीनं सगळी मान ओली व्हायची." थोड्या वेळानं म्हणाले, "मी विसरलो होतो. इतकी वर्षं मला वाटत होतं, मी तिथे नव्हतोच."

"त्या दुसऱ्या फाईलीत तुम्ही नाही आहात," मी म्हटलं. "तिथे ती जागीच आहे. तुम्ही आलेलाच नाहीत."

त्यांनी मान हलवली. मग ते म्हणाले, "कर खूण. इथे संपलं म्हणून सांग."

ऋजुता फोनवर होती. तिनं सांगितलं तसं मी केलं, आणि यांनी आपल्या हातानं नेटची तार जोडली. डबीवरचा हिरवा दिवा लुकलुकत राहिला. कऱ्हाडच्या, वर्ध्याच्या, कुठकुठच्या घरांतून त्या क्षणी एक मुलगी उठून चालली होती. मला वाटत होतं की काहीतरी ऐकू येईल. काही आलं नाही.

"मग चूल मिळाली का गं त्या बाईला?" दमयंतीबाईंनी विचारलं.

"माहीत नाही."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि मला भगर वाढली. वाढता वाढता थांबल्या. "आता चालेल ना?"

मी आधी मालतीबाईंची फाईल उघडली. हुंकार गळून गेले होते, त्यांच्या जागी पूर्वीची भोकं होती. तशीच मी ती आत घेतली. मग जेवले. मालतीबाईंनी संध्याकाळी लिहिलं: ठीक आहे ताई. तुमचं बरोबर असेल. पण आई सगळीच्या सगळी परत आल्यासारखी वाटली होती हो.



द्वादशीला मतदान संपलं. मॉडरेटर नको, असं ठरलं. ऋजुताचाच फोन आला. ती रडत होती आणि मीच तिची समजूत घातली.

"तुमची खूण राहील काकू," ती म्हणाली. "पण कायमची करायला आता कुणाला अधिकारच उरला नाही. म्हणून असं ठरलंय, ज्या घरची फाईल त्या घरच्या माणसानं सांगायचं. डबी रोज विचारेल: ही फाईल अपूर्ण दिसते, पूर्ण करू का? तुम्ही नाही म्हणायचं. उत्तर आलं नाही तर ती फाईल बेवारस धरून सांधायला घेणार. म्हणजे तुम्हाला रोज..."

"रोज?"

"हो, रोज."

"अगं, मग रोजचं मला काय सांगतेस?" मी म्हटलं. तीही रडता रडता हसली.

तेव्हापासून हा नेम आहे. पूजा होते, नैवेद्य होतो, आणि डबी विचारते: ही फाईल अपूर्ण दिसते, पूर्ण करू का? मी नाही म्हणते. मग आम्ही जेवतो. पहिल्यांदा वाटलं होतं की सवय होईल. होत नाही. रोज ऊर्मी नदीकाठी येते, रोज तिला निजवावी लागते. आणि रोज मनात येतं, आम्ही दोघं गेल्यावर? यंत्राला कंटाळा नाही. ते विचारतच राहील, आणि एक दिवस कुणीच उत्तर देणार नाही.

परवा मला ताप भरला. देवाची पूजा यांनीच कशीबशी केली. मी अंथरुणात पडून होते, ग्लानीत डबीला 'नाही' म्हणायचं राहून गेलं. हे चहाचा कप घेऊन आले आणि तेवढ्यात शेजारच्या घाटग्यांच्या खिडकीतून डबीसमोर बसून कहाणी सांगणाऱ्या बाईचा आवाज आला. सांगणारी बाई थांबली.

"हूं?"

नाक चोंदलेला. शेवटाला किंचित वर चढणारा.

हे जागच्या जागी उभे राहिले. बाई पुढे सांगू लागली, पुन्हा थांबली, आणि पुन्हा तो हुंकार आला. ह्यांचे डोळे मिटलेले होते, ओठ हलत होते. मी उठायचा प्रयत्न केला, तर त्यांनी हातानंच राहू दे म्हटलं. कितीतरी वेळ ते तसेच ऐकत उभे होते.

मग त्यांनी कप खाली ठेवला, स्टुलापाशी गेले आणि डबीवर वाकून, कुणी जागं होऊ नये अशा बेतानं, म्हणाले, "नाही. निजलीय ती."

शेजारची बाई पुन्हा थांबली. थांबूनच राहिली, असं मला वाटलं. मग एकटीच पुढे सांगू लागली.